जांघेतली खाज म्हणजे गुप्तरोग नव्हे! नांदेड-लातूरकडे साधा आजार लाजेमुळे कसा चिघळतो?

नांदेड असो की लातूर, एसटी स्टँडच्या आसपासच्या भिंतींवर एक जाहिरात हमखास दिसते. 'गुप्तरोग, धातू जाणे, खाज, जळजळ, खात्रीशीर इलाज.' खाली मोबाइल नंबर.

या एका ओळीत चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच माळेत ओवलेल्या असतात. वाचणाऱ्याच्या डोक्यात मग समीकरण पक्कं होतं: कमरेखाली काहीही झालं की तो 'गुप्तरोग', आणि गुप्तरोग म्हणजे 'बाहेरचं काहीतरी'.

प्रत्यक्षात जननेंद्रियाच्या जागी खाज, पुरळ, जळजळ किंवा पांढरं जाणं या तक्रारींमागे बऱ्याचदा असा आजार असतो, ज्याचा शरीरसंबंधाशी काही संबंध नसतो. बुरशी, खरूज, मधुमेह, एखाद्या गोळीची रिअ‍ॅक्शन, साबण, घाम. यादी मोठी आहे. यातल्या बहुतेकांवर साधे आणि स्वस्त उपचार आहेत.

मग माणसं वर्ष-वर्ष का खाजवत बसतात? एकेक करून पाहू.

सगळ्यात आधी: गजकर्ण

मे महिन्यात मराठवाड्यात पारा चाळिशीच्या वर असतो. त्यात जीन्स किंवा पॉलिस्टरची पँट. बाईंच्या बाबतीत कमरेला घट्ट बांधलेला परकर. दिवसभर घाम, आणि अंघोळीला पाणी मोजकं. लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे महाराष्ट्र विसरलेला नाही.

जांघेत घाम साचला की तिथं बुरशीला आयतं घर मिळतं. गोल चट्टा उठतो, त्याची कड लालसर आणि उठावदार असते, मध्यभाग त्यामानानं साफ दिसतो आणि प्रचंड खाज सुटते. हाच नायटा किंवा गजकर्ण. तो जांघेतून मांडीवर, नितंबांवर, कमरेवर पसरतो.

हा आजार एकाकडून दुसऱ्याला होतो, पण त्यासाठी शरीरसंबंध लागत नाही. एकच टॉवेल, एकमेकांचे कपडे, एकच अंथरूण एवढं पुरतं. म्हणून 'लातूर पॅटर्न'च्या मागे आलेली पोरं जिथं एका खोलीत चार-चार राहतात, दोरीवर अर्धवट वाळलेले कपडे घालून क्लासला पळतात, तिथं एकाला झालं की बाकीच्यांना व्हायला वेळ लागत नाही. घरातही तेच. नवऱ्याला झालं, मग बायकोला, मग लेकराला. लेकराच्या अंगावर चट्टे उठले की निदान हा गुप्तरोग नाही, एवढं तरी कळायला हवं.

मग तो बरा का होत नाही? इथं मलमाची एंट्री होते

गेल्या दहा-बारा वर्षांत भारतात गजकर्ण पूर्वीसारखा राहिलेला नाही. पूर्वी दोन-तीन आठवडे मलम लावून जाणारा आजार आता महिनोन्महिने चिवटपणे टिकतो, गेला तरी परत येतो. देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ याला साथ म्हणू लागले आहेत.

यामागे एक नवी बुरशी आहे, 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी'. तिचं हे नाव २०२० मध्ये ठेवलं गेलं. 'टर्बिनाफिन' हे गजकर्णावरचं नेहमीचं औषध, पण या बुरशीच्या अनेक प्रकारांवर ते नीट चालत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण सापडले आणि अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेनं तशी नोंद केली.

ही बुरशी इतकी का फोफावली, याची तज्ज्ञ जी कारणं सांगतात, त्यात एक कारण पुन्हा पुन्हा येतं: स्टिरॉइड मिसळलेली मलमं.

होतं काय? पोरगा मेडिकलवर जातो. काउंटरवर चार माणसं असतात. तो हळू आवाजात म्हणतो, "खाजेची ट्यूब द्या." दुकानदार एक ट्यूब काढून देतो. त्यात तीन-चार औषधं एकत्र असतात: एक बुरशीवरचं, एक अँटिबायोटिक आणि एक तगडं स्टिरॉइड, बऱ्याचदा 'क्लोबेटासॉल' किंवा 'बेक्लोमेथासोन'.

स्टिरॉइडचं काम सूज आणि खाज दाबण्याचं. दोन दिवसांत लाली जाते, खाज थांबते. पोराला वाटतं, झालं काम. पण स्टिरॉइडनं त्या जागेची प्रतिकारशक्तीही दाबलेली असते. बुरशी आतल्या आत पसरत राहते. मलम थांबवलं की दुप्पट जोरानं वर येते. मग पुन्हा ट्यूब. हे चक्र काही जणांचं वर्षभर चालतं.

त्याचे तीन तोटे होतात.

एक, चट्ट्याचं रूप बदलतं. गोल कड पुसट होते आणि पुढं डॉक्टरलाही ओळखणं अवघड जातं.

दोन, जांघेतली कातडी आधीच पातळ असते आणि स्टिरॉइड जास्त शोषून घेते. ती आणखी पातळ होते, गरोदरपणात पोटावर पडतात तसे पट्टे मांडीवर पडतात. हे पट्टे कायमचे असतात.

तीन, बुरशी अंगभर पसरते आणि घरातल्या बाकीच्यांना होते.

केंद्र सरकारनं मार्च २०१८ मध्ये स्टिरॉइड असलेल्या १४ मलमांची सवलत काढून त्यांना 'शेड्यूल एच'मध्ये घातलं. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनं स्टिरॉइडच्या गैरवापराविरुद्ध स्वतंत्र कृती गटही बनवला. पण चिठ्ठी न विचारता ट्यूब हातात पडणं थांबलेलं नाही. कारण गिऱ्हाइकाला लाज वाटते, त्याला डॉक्टर टाळायचा असतो, आणि दुकानदाराला विक्री हवी असते.

उपचार काय?

डॉक्टर सहसा स्टिरॉइड नसलेलं, फक्त बुरशीवरचं मलम देतात. चट्टा जिथं संपतो त्याच्या पलीकडंही दोन बोटं लावायला सांगतात. आजार पसरलेला असेल तर सोबत इट्राकोनाझोल किंवा टर्बिनाफिनच्या गोळ्या असतात. या गोळ्या मनानं घ्यायच्या नसतात. लिव्हरचा किंवा हृदयाचा त्रास असेल किंवा दुसरी औषधं चालू असतील, तर ते आधी सांगावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं, उपचार चार ते सहा आठवडे किंवा त्याहूनही जास्त चालतात. खाज आठवड्यातच जाते आणि लोक तिथंच थांबतात. चट्टा पूर्ण गेल्यावरही साधारण दोन आठवडे औषध चालू ठेवावं लागतं. घरात ज्यांना ज्यांना आहे, त्यांनी सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्यायचे. आतले कपडे सुती, सैल आणि कडक उन्हात वाळवलेले. ऊन मराठवाड्यात फुकट आहे, तेवढं तरी वापरायला हवं.

रात्री खाज वाढते? मग खरूज तपासा

पुरुषांच्या लिंगावर किंवा वृषणावर छोट्या, कडक, खाजणाऱ्या गाठी उठल्या की पहिली शंका वाईटच येते. पण त्याच वेळी बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवतीही पुरळ असेल आणि रात्री अंथरुणात शिरल्यावर खाज वाढत असेल, तर ती बहुधा खरूज असते.

खरूज एका बारीक किड्यामुळं होते. शरीरसंबंधातून ती होऊ शकते, पण एका अंथरुणात झोपणं, लेकराला कडेवर घेणं यातूनही पसरते. वसतिगृह, मोठं कुटुंब, ऊसतोडीच्या कोप्या, जिथं दाटीवाटी तिथं खरूज.

यावर सहसा पाच टक्क्यांचं परमेथ्रिन मलम देतात. ते फक्त खाजेच्या जागी लावून उपयोग नाही. मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत सगळ्या अंगाला रात्री लावायचं, सकाळी धुवायचं आणि आठवडाभरानं पुन्हा एकदा लावायचं. घरातल्या सगळ्यांनी त्याच रात्री, खाज असो वा नसो. कपडे आणि अंथरूण गरम पाण्यात धुवायचं. उपचारानंतरही दोन-तीन आठवडे थोडी खाज राहते, म्हणून औषध लागू पडलं नाही असं समजायचं कारण नाही.

लघवीच्या जागी लाली, चिरा? साखर तपासा

चाळिशीतला पुरुष. लिंगाच्या पुढच्या कातडीला बारीक चिरा, लाली, पांढरा थर, कातडी मागं घेताना दुखतं. मलम लावलं की जातं, महिन्यानं परत येतं. घरात कुजबुज सुरू होते.

हे बऱ्याचदा 'कँडिडा' नावाच्या बुरशीमुळं होतं आणि ते वारंवार होण्यामागं रक्तातली वाढलेली साखर असू शकते. लघवीतून साखर गेली की बुरशीला खुराक मिळतो. अनेकांना आपल्याला मधुमेह आहे, हे पहिल्यांदा याच तक्रारीतून कळतं. भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या मोठ्या अभ्यासानं २०२३ मध्ये मांडला. त्यामुळं ही शंका अजिबात लांबची नाही.

आणखी एक नवी गोष्ट आहे. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहावरची औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यांची पेटंट भारतात अनुक्रमे २०२० आणि २०२५ मध्ये संपली, किमती उतरल्या आणि वापर वाढला. औषधं चांगली आहेत, हृदयाला आणि किडनीला त्यांचा फायदा होतो. पण गुप्तांगावर बुरशी येणं हा त्यांचा नेहमीचा दुष्परिणाम आहे, स्त्री-पुरुष दोघांनाही. त्यामुळं गोळी सुरू केल्यावर खाज सुटली तर बायकोवर किंवा नवऱ्यावर संशय घेण्याआधी गोळ्यांचं पाकीट बघा. गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. ती जागा रोज साध्या पाण्यानं धुऊन कोरडी ठेवणं हा अर्धा इलाज आहे.

दरवेळी त्याच जागी काळा डाग? गोळीची रिअ‍ॅक्शन असू शकते

जुलाब लागले, मेडिकलवरून गोळी आणली. काही तासांत लिंगाच्या टोकावर किंवा योनीच्या ओठावर आग, फोड, मग जखम. आठवड्याभरात भरते आणि मागं काळसर डाग राहतो. सहा महिन्यांनी तीच गोळी आणि बरोबर त्याच जागी तोच प्रकार.

ही औषधाची ठरावीक जागी येणारी रिअ‍ॅक्शन आहे. सल्फाच्या गोळ्या, जुलाबावरच्या टिनिडाझोल-ऑर्निडाझोलसारख्या गोळ्या, काही अँटिबायोटिक्स आणि वेदनाशामकं यामुळं ती होते. दिसायला ती लैंगिक आजाराच्या जखमेसारखीच दिसते, त्यामुळं घोळ होतो. इलाज एकच: कोणत्या गोळीनं होतं ते शोधायचं, तिचं नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवायचं आणि पुढं प्रत्येक डॉक्टरला दाखवायचं.

अंगावरून पांढरं जाणं: किती नॉर्मल, किती नाही?

बायकांच्या बाबतीत सगळ्यात जास्त गैरसमज इथं आहेत. 'पांढरं गेलं की हाडं झिजतात', 'कंबर धरते ती याच्यामुळंच' ही वाक्यं घरोघरी ऐकू येतात. हाडं वितळून अंगावरून जात नाहीत. थोडा पांढरट किंवा पारदर्शक स्राव प्रत्येक बाईला असतो. पाळीच्या मधल्या दिवसांत आणि गरोदरपणात तो वाढतो. वास नाही, खाज नाही, तर औषधाची गरज नाही.

दह्याच्या कवड्यांसारखा स्राव आणि जोरदार खाज असेल तर बहुधा कँडिडा. त्यासाठी योनीत ठेवायच्या क्लोट्रिमाझोलच्या गोळ्या किंवा फ्लुकोनाझोलची एक गोळी देतात. गरोदर बाईनं फ्लुकोनाझोल मनानं घेऊ नये.

पातळ, राखाडी स्राव आणि मासळीसारखा वास असेल तर योनीतल्या चांगल्या जिवाणूंचा तोल बिघडलेला असतो. त्यावर मेट्रोनिडाझोल चालतं. याला लैंगिक आजार धरत नाहीत. मात्र तो वारंवार होत असेल तर जोडीदारालाही औषध दिल्यानं फायदा होतो, असं ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात २०२५ मध्ये दिसलं.

हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव असेल तर तो लैंगिक संसर्ग असू शकतो. तिथं दोघांनीही उपचार घ्यावे लागतात.

पाळी गेलेल्या बायकांना आग, कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं होतं, ते हार्मोन कमी झाल्यामुळं. साठीच्या आजीला याबद्दल कुणी विचारत नाही आणि ती सांगत नाही. यावर डॉक्टरांच्या सल्ल्यानं लावायचं हार्मोनचं मलम मिळतं.

आणि इन्स्टाग्रामवर जाहिरात होणारे 'इंटिमेट वॉश'? योनी आतून स्वतःच स्वच्छ राहते. बाहेरून साधं पाणी पुरतं. साबण, तुरटीचं पाणी, अँटिसेप्टिक द्रव आत घालून धुण्यानं तोल आणखी बिघडतो.

दुखणं साधं, किंमत मोठी

राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक अवयवांचा कोणता ना कोणता आजार होता. आधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, लातूरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात सरकारी पाहणी झाली. ऊसतोडणी करणाऱ्या ८२ हजार ३०९ बायकांपैकी १३ हजार ८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्यातल्या सगळ्याच शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या असं नाही. पण अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं म्हणून गेलेल्या बाईला 'पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल' अशी भीती घातल्याच्या कहाण्या तेव्हा मोठ्या प्रमाणात समोर आल्या. फडावर संडास नाही, पाणी नाही, पाळीचं कापड उन्हात वाळवायला आडोसा नाही, एक दिवस खाडा केला तर पैसे कापले जातात. नांदेड-लातूरच्या डोंगरपट्ट्यातूनही दरवर्षी कोयते जातात. त्यांचीही गोष्ट यापेक्षा फार वेगळी नसते.

पुरुषांची लूट वेगळ्या दारानं होते. लघवीतून पांढरं गेलं, झोपेत वीर्य गेलं की 'धातू जातो' म्हणून घाबरायचं आणि भिंतीवरच्या नंबरला फोन लावायचा. झोपेत वीर्य जाणं नैसर्गिक आहे. लघवी कधीकधी गढूळ दिसते ती त्यातल्या क्षारांमुळं. या भीतीलाच मानसोपचारतज्ज्ञ एन. एन. विग यांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' हे नाव दिलं. लैंगिक आजार बरे करतो, लैंगिक ताकद वाढवतो अशा जाहिरातींवर १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. भिंती मात्र रंगतच राहतात.

तिसरी किंमत घरात मोजली जाते. एकाला खाज सुटली की दुसऱ्याच्या चारित्र्याची चौकशी. अनेकदा बाईलाच दोष आणि माहेरी पाठवण्याची धमकी. कारण काय, तर एका टॉवेलवरची बुरशी.

मग काळजी कधी करायची?

सगळंच साधं असतं असंही नाही. खालीलपैकी काही असेल तर थांबू नका:

- न दुखणारी जखम, पाण्यानं भरलेले फोड, पू येणं, जांघेत गाठ. हे लैंगिक आजारही असू शकतात. जोडीदारासह तपासणी आणि एचआयव्ही-सिफिलिसची चाचणी करून घ्या.
- अंडकोषात अचानक तीव्र दुखणं. पोरांमध्ये अंडकोषाला पीळ पडलेला असू शकतो. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर अंडकोष वाचण्याची शक्यता जास्त असते. रात्र असली तरी निघा.
- ताप, ओटीपोटात दुखणं आणि घाण वासाचा स्राव.
- पाळी बंद झाल्यावर किंवा संबंधानंतर रक्त जाणं.
- दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा कडक होत जाणारा पांढरा चट्टा.
- 'उन्हाळी लागली' म्हणून दोन दिवस भरपूर पाणी पिऊनही लघवीची जळजळ न थांबणं. ताप किंवा पाठीत दुखणं असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर दोन दिवसही थांबू नका.

आणि एक उलट गोष्ट. लिंगाच्या टोकाभोवती ओळीनं असलेले मोत्यासारखे बारीक दाणे किंवा कातडीतले पिवळसर ठिपके हा आजारच नाही. अनेकांना ते असतात. ते जाळायला, कापायला कुणाला पैसे देऊ नका.

जायचं कुठं, सांगायचं काय?

नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. दोन्हीकडं त्वचारोग आणि स्त्रीरोग विभाग आहेत. केसपेपर काढताना 'त्वचारोग' एवढंच सांगितलं तरी पुरतं, खिडकीवर सगळ्यांसमोर तक्रार सांगावी लागत नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. लैंगिक आजारांसाठी सरकारी यंत्रणेत 'सुरक्षा क्लिनिक' असतात, तिथं नाव गुप्त ठेवतात.

डॉक्टरांसमोर चार गोष्टी सांगा. त्रास कधीपासून आहे, घरात आणखी कुणाला आहे का, आजवर कोणती मलमं-गोळ्या वापरल्या (रिकाम्या ट्यूबसुद्धा सोबत न्या), आणि साखरेचा त्रास आहे का. लग्नाबाहेर संबंध आला असेल तर तेही सांगा. डॉक्टर ते नैतिकता तपासायला विचारत नाहीत, कोणती चाचणी करायची हे त्यावरून ठरतं.

आणि मेडिकलवर ट्यूब हातात पडली तर पैसे देण्याआधी तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बेक्लोमेथासोन, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं एखादं नाव दिसलं आणि डॉक्टरांनी ते लिहून दिलेलं नसेल, तर ट्यूब परत करा.